हलव्याच्या दागिन्यांचा सीझन आणि लेकीची पहिली संक्रांत एकत्र आलीये, कसं जमवायचं?

काटेरी_हलवा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत असते, लिहायची पहिलीच वेळ, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी डोंबिवलीत राहते, हलव्याचे दागिने करते. म्हणजे संक्रांतीला हलव्याचे, बाकी वर्षभर हाताला येईल ते. लग्नसराईत रुखवत, आषाढापासून राख्या, मग गौरीचे हार-मुकुट, दिवाळीला कंदील. घरात नवीन कालनिर्णय आलं की बाकीचे सुट्ट्या बघतात आणि मी डिलिव्हरीच्या तारखा लिहिते. आधी एका पतपेढीत नोकरी होती, ती सोडून हेच पूर्णवेळ चालू केलं. नवऱ्याचा पाठिंबा आहे, त्यामुळे "घरचे करू देत नाहीत" टाइपचा धागा नाहीये हा.

अडचण अशी की लेक आत्ता सात महिन्यांची आहे, जानेवारीत नऊची होईल, तिची ही पहिली संक्रांत. आणि २०२६ च्या तारखा बघितल्यात का? १४ जानेवारी बुधवार संक्रांत, १५ ला किंक्रांत म्हणजे तो दिवस गेला, १८ च्या रविवारी अमावस्या, आणि २५ ला रथसप्तमी, की संपलं. २०२४ ला रथसप्तमी १६ फेब्रुवारीला होती, महिनाभर बोरन्हाणाच्या ऑर्डरी निवांत चालल्या होत्या. यंदा सगळं दहा दिवसांत. त्यात लोकांना शनिवार-रविवारशिवाय जमत नाही, आणि अमावस्येचा रविवार सगळे टाळणार, म्हणजे उरले १७, २४ आणि २५. आत्ता नोव्हेंबर चालू आहे आणि मला याच तीन तारखांसाठी मेसेज यायला लागलेत.

हलवा मी घरीच करते, तयार आणत नाही. ज्यांनी कधी केला नाही त्यांच्यासाठी सांगते, खसखस, तीळ, साबुदाणा, भोपळ्याच्या बिया जे काय घ्यायचं ते परातीत, परात मंद आचेवर, आणि साखरेचा पाक चमच्या-चमच्याने घालत बोटांनी हलवत बसायचं. तो वाळला की पुढचा चमचा. घाईघाईत जास्त पाक पडला की दाणे एकमेकांना चिकटून गोळा, मग तो गोळा चहात जातो. आच वाढली की साखर पिवळी पडते. असं रोज थोडं थोडं करत काही दिवसांनी दाणा भरतो आणि मग कुठे काटा दिसायला लागतो. कोरडी थंडी असेल तर काटा देखणा येतो, ढगाळ हवेत नुसता गुळगुळीत दाणा. त्यामुळे अर्धा डिसेंबर आणि जानेवारी आमच्या गॅसचा एक बर्नर माझा असतो, बेडरूममध्ये हलव्याचे डबे, आणि मुंग्यांना आमचा पत्ता पाठ आहे.

सासूबाई साताऱ्याच्या. सण म्हणजे सण, त्यात काटछाट नाही. भोगीची मिसळीची भाजी, तीळ लावून बाजरीच्या भाकरी, दुसऱ्या दिवशी गुळाच्या पोळ्या, सुगडं, मग एका रविवारी हळदीकुंकू, वाण. आतापर्यंत त्या एकट्याने ओढत होत्या आणि मी "हो आले, हा एवढा हार बांधून होऊ दे" म्हणत होते. आता त्यांचे गुडघे दुखतात आणि मांडीवर नात आहे. परवा म्हणाल्या, "लोकांच्या पोरांना नटवतेस, आपल्या पोरीचं बोरन्हाण काय उरलेल्या हलव्यात करणार आहेस का?" भांडून नाही म्हणाल्या, साधंच म्हणाल्या, म्हणून जास्त लागलं.

नवरा म्हणतो या वर्षी ऑर्डरी घेऊच नको. पण वर्षाच्या कमाईतला मोठा वाटा या दीड महिन्याचा आहे आणि एक वर्ष गॅप पडला की गिऱ्हाईक दुसरीकडे वळतं, परत येईलच असं नाही. तर असा सणावारी हाताचा धंदा करणाऱ्यांनी सांगा, तुम्ही घरचा सण कुठे बसवता? ऑर्डर घेणं कधी बंद करता? आणि ओळखीच्या बाईला नाही कसं म्हणायचं, हे तर मला आजपर्यंत जमलेलं नाही.

सातारी_मावशी

अगं सोप्पं आहे. बोरन्हाण रविवारीच करायचं हे कुणी सांगितलं? ते तुझ्या गिऱ्हाइकांचं आहे, नोकरदार पाहुणे गोळा करायचे असतात म्हणून. तू घरी असतेस, सोसायटीतली पोरं चार-साडेचारला शाळेतनं येतात, त्यांना बोरं-चुरमुरे-गोळ्या मिळाल्या की झालं. २० चा मंगळवार धर. नाहीतर २२ ला गुरुवारी गणेश जयंती आहे, २३ ला वसंत पंचमी, दोन्ही दिवस चांगले. तुझं १७ चं काम गेलेलं असेल आणि २४ चं बांधून झालेलं असेल.

आणि अगदीच नाही जमलं तर पुढच्या वर्षी. आमच्याकडे पाच वर्षांची होईपर्यंत करतात. माझ्या धाकट्याचं तर तिसऱ्या वर्षी झालं, तो स्वतःच्या डोक्यावरची बोरं स्वतःच वेचत होता. पण तुझ्या सासूबाई पुढच्या वर्षावर ऐकतील असं वाटत नाही, त्यामुळे २२ धर.

गुळाच्या पोळ्या आधी करून ठेव, त्या शिळ्याच चांगल्या लागतात. भोगीच्या भाजीची निवडानिवड आदल्या रात्री नवऱ्याला दे. पावटे सोलायला डिग्री लागत नाही.

एक सांगू का, रागावू नकोस. तुझं पूर्ण वाचलं त्यावरनं मला नाही वाटत की त्यांना तुझं काम नको आहे. त्यांना त्यांचा ओटा परत पाहिजे. सणाच्या दिवसांत ज्या बाईचा एक बर्नर गेला तिचं डोकं फिरणारच, मी असते तर माझंही फिरलं असतं.

सडेतोड

तुमचा प्रश्न वेळेचा नाहीच, दराचा आहे. सेट कितीला देता?

काटेरी_हलवा

@सातारी_मावशी, ओट्याचं खरंच डोक्यात आलं नव्हतं. २२ बद्दल आज रात्री बोलते.

@सडेतोड, बाळाचा साधा सेट म्हणजे मुकुट, हार, बाजूबंद, कमरपट्टा, बासरी असा साडेआठशेला. नव्या सुनेचा तिळवणाचा सेट अडीच ते तीन हजार, त्यात मंगळसूत्र, तन्मणी, चिंचपेटी, नथ, बांगड्या, बिंदी, कंबरपट्टा, वर जावयाचा हार आणि नारळ.

सडेतोड

स्वतः केलेला हलवा, हाताने बांधलेला, आणि साडेआठशे? तीन तारखांना अख्खी डोंबिवली तुमच्या दारात उभी राहणार आणि तुम्ही ऑगस्टच्या भावाने विकणार. डिसेंबरअखेरपर्यंत बुकिंग केलं त्याला हा दर, ५ जानेवारीनंतर दीडपट, आणि १० नंतर बंद. अर्धे लोक आपोआप गळतील, तुम्हाला तोंडाने नाही म्हणायची वेळच येणार नाही. कमी सेट, तेवढेच पैसे, लेकीला वेळ.

सातारी_मावशी

सणासुदीला दीडपट? लोक तोंडावर बोलणार नाहीत पण सोसायटीत बोलतील हो.

सडेतोड

मावशी, दसऱ्याला झेंडूवाला भाव वाढवतो तेव्हा आपण दोन शब्द बोलतो आणि पाव किलो घेतोच ना. त्याला कुणी सांगतं का की बाबा सण आहे, परवाच्याच भावाने दे? हाच हिशेब घरातल्या बाईने केला की ती हावरट. २०२३ ला पीएम विश्वकर्मा योजना आली, त्यात १८ पारंपरिक व्यवसाय आहेत, मूर्तिकार आहे, कुंभार आहे, फुलांच्या माळा करणारा पण आहे. हलव्याचे दागिने करणारी नाही. सरकारदरबारी हा धंदाच नाही, बायकांची हौस, आणि घरोघरी पण तीच समजूत, म्हणून तर "हा एवढा हार बांधून होऊ दे" असं माफी मागितल्यासारखं म्हणावं लागतं. उद्यमचं रजिस्ट्रेशन ऑनलाइन फुकट होतं, केलं नसेल तर करून टाका. दुसरं काही नाही तरी स्वतःच्या डोक्यात पक्कं बसतं की हा उद्योग आहे.

पेणचा_पोरगा

धागा वाचून राहवलं नाही. आमचा गणपतीचा कारखाना, आजोबांपासूनचा. कारखाना म्हणजे फार मोठं काही डोळ्यापुढे आणू नका, घराची पडवी, मागे शेड, आणि जुलै-ऑगस्टमध्ये घराच्या आतल्या खोल्या पण. लहानपणी मी आणि बहीण फळ्यांच्या खाली चटई टाकून झोपायचो, वर रांगेत गणपती. मी स्वतः आता पनवेलला नोकरी करतो पण शेवटचे पंधरा दिवस रजा टाकून घरी, कारण डोळ्यांची आखणी वडील, काका आणि मी तिघंच करतो, ती बाहेरच्या कारागिराला देत नाही.

तर घरचा सण कुठे बसवायचा. ज्या दिवशी अख्खा महाराष्ट्र नवे कपडे घालून आरती करत असतो त्या दिवशी आमच्या घरात कुणाच्या अंगात उभं राहायचं त्राण नसतं. आदल्या रात्री दोन-दोन वाजेपर्यंत माणसं मूर्ती न्यायला, सकाळी परत पाट आणि रुमाल घेऊन दारात उभी, कुणाचं उपरणं बदलायचंय, कुणाला वाटतं बुक केलेली मूर्ती ही नव्हेच. आईने आयुष्यभर चतुर्थीचे मोदक कारागिरांच्या जेवणाच्या टोपाशेजारी वळलेत. आमचा गणपती दीड दिवसाचा. का, तर आजी म्हणायची कारखानेवाल्याला तेवढाच झेपतो.

पण आजोबांचा एक नियम होता आणि तो अजून पाळतो. घरचा गणपती शेवटी नाही, सगळ्यात आधी पूर्ण करायचा. आषाढी एकादशीच्या आत तो रंगून, आखणी होऊन, वर रुमाल टाकून माळ्याच्या फळीवर गेलेला असतो. मग खाली काय वाटेल ते होऊ दे, पाऊस लागून रंग वाळेना, शाडूला तडे जाऊ देत, माणसं पळून जाऊ देत. आजोबा म्हणायचे शेवटच्या रात्रीचा हात लोकांच्या गणपतीवर चालतो कारण तिथे चार लोक तपासणारे असतात, घरच्याला कोणी तपासत नाही, तिथे माणूस हमखास टाळाटाळ करतो. त्यामुळे ताई, डिसेंबरात पहिला चांगला काट्याचा घाणा उतरेल तो लेकीचा. पहिला सेट तिचा बांधा आणि सासूबाईंच्या कपाटात ठेवायला द्या. तुमच्या कपाटात नको, तुम्ही काढून विकाल. खरंच सांगतो, आमच्याकडे एका वर्षी काकाने फळीवरची मूर्ती एका जुन्या गिऱ्हाइकाला देऊन टाकली होती, आजोबा त्याच्याशी दिवाळीपर्यंत बोलले नाहीत.

दुसरं, बुकिंग. आमच्याकडे गोकुळाष्टमीनंतर नवीन नाव वहीत चढत नाही. वही बंद म्हणजे बंद, बापाने आणलेला पाहुणा असला तरी. वर्षानुवर्षे तेच केलं की लोकांनाही कळतं, आता आमची गिऱ्हाइकं स्वतःच म्हणतात अष्टमीच्या आत येऊन जातो. पहिली दोन-तीन वर्षं त्रास होतो, काही लोक तुटतात, मग तीच तारीख तुमची ओळख होते. तुम्ही तारखेऐवजी एखादा दिवस धरा, म्हणजे लोकांच्या लक्षात राहतं. "दत्तजयंतीपर्यंतच बुकिंग" वगैरे.

आणि कॅलेंडरचं तुमचं दुखणं मला शंभर टक्के पटलं. आम्हीपण पंचांग आलं की आधी अधिक महिना शोधतो. २०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे, गणपती १४ सप्टेंबरला, गेल्या वेळच्या २७ ऑगस्टपेक्षा अठरा दिवस जास्त मिळतायत, घरात आत्तापासून आनंदीआनंद आहे. पण तुमच्या २२ जानेवारीला माघी गणपती, तेव्हा आमची पण पळापळ असणार. हल्ली माघीचं काम पण बरंच वाढलंय.

रुखवतवाली_पुणे

मी पण याच लाइनमधली, पण वेगळं बोलणार आहे. काटेरीताई, हलवा घरी करायचा हट्ट सोडा. रविवार पेठेत तयार हलवा किलोने मिळतो, पांढरा, रंगीत, बारीक, लांबट, पाहिजे तसा. बोहरी आळीत पुठ्ठे, जरी, लेस, मोती सगळं. मी दिवाळी झाली की एकदाच जाऊन आणते आणि डिसेंबरभर फक्त बांधते. गॅस मोकळा, मुंग्या कमी, सासूबाई खूष. गिऱ्हाइकाला फोटोत फरक कळत नाही हो. त्याला काळ्या कपड्यावर दागिने उठून दिसले की झालं. कारागीर म्हणून आपला जीव कुठे अडकलाय आणि पैसे कशाचे मिळतायत, या दोन गोष्टी वेगळ्या असतात आणि पोर लहान असताना तरी दुसरीकडे बघावं.

काटेरी_हलवा

@रुखवतवाली_पुणे, तुमचं व्यवहाराचं पटतं, पण बाजारचा हलवा मी एका वर्षी घेऊन बघितलाय. दाणा गुळगुळीत असला की दोऱ्याच्या फासातून सुटतो. हलव्याला भोक तर पाडता येत नाही, फुटतो, म्हणून मी लांबट दाणा फासात धरून गाठ मारते, काटा असला की दोरा त्या काट्यांत बसतो, हलत नाही. गुळगुळीत दाण्याला शेवटी ग्लू गनने चिकटवावं लागतं. मोठ्यांच्या सेटला मी पण कंबरपट्ट्याचा पुठ्ठा चिकटवते, त्याचं काही नाही. पण बोरन्हाणाची बाळं सगळं तोंडात घालतात हो. दहा मिनिटांत हार ओला असतो. तिथे गम नको वाटतो मला, आणि सुटा दाणा तर अजिबात नको, घशात अडकायची भीती. म्हणून बाळाच्या सेटला घरचाच, गाठीचाच.

पण मोठ्यांचे सेट तयार हलव्यात करायचं डोक्यात आलं नव्हतं. तसं केलं तर परात निम्म्यावर येईल.

रुखवतवाली_पुणे

बघा. मग बाळांचे घरचे, सुनांचे पेठेतले. आणि तसं सांगून विका, लपवायचं काही नाही, बाळाच्या सेटचा भाव उलट वाढवता येईल तुम्हाला. (सडेतोड खूष होतील.)

बेलापूर_ते_न्यूजर्सी

मी गिऱ्हाईक पार्टी, तिकडची बाजू सांगते. गेल्या वर्षी माझ्या मुलाचं बोरन्हाण इथे बेसमेंटमध्ये केलं. बोरं मिळाली नाहीत, मग द्राक्षं, स्ट्रॉबेरी, मार्शमॅलो, चुरमुरे मात्र इंडियन स्टोअरमधले. फोटोत बोरन्हाण दिसतं ते फक्त हलव्याच्या दागिन्यांमुळे, बाकी बर्थडे पार्टीच वाटली असती. तो सेट आई दिवाळीनंतर येताना हातातल्या बॅगेत घेऊन आली, मांडीवर धरून बसली होती म्हणे विमानात.

तर सांगायचं हे की आम्हाला "नाही" ऐकून वाईट वाटत नाही. "बघते, जमवते, तुम्ही आदल्या दिवशी एक फोन करा" याचा त्रास होतो. मी ज्यांना आधी विचारलं होतं त्यांनी तीन आठवडे बघते-बघते केलं. दुसऱ्या ताईंनी सरळ सांगितलं १५ नोव्हेंबरनंतर परदेशाची ऑर्डर घेत नाही, मी त्यांना लगेच पैसे पाठवले. तुम्ही स्टेटसला एक पाटी लावून टाका, कुणाला किती तारखेपर्यंत, बास. ओळखीची बाई पण पाटी वाचते, आणि नाही वाचली तर तुम्ही पाटीकडे बोट दाखवायचं.

कंदीलवालीचा_नवरा

कुणी आमची बाजू पण ऐका. आमच्या घरात बांबूचे पारंपरिक आकाशकंदील होतात, गणपतीपासून धनत्रयोदशीपर्यंत हॉलमध्ये कामट्या आणि पतंगी कागद, पाहुणा आला की त्याला कुठे बसवायचं हा प्रश्न, मी सोफा बघितलाय त्याला महिना होतो. माझा अनुभव असा की "मी मदत करतो" या वाक्याचा काही उपयोग नसतो, कारण मदत करणारा माणूस दर पाच मिनिटांनी येऊन विचारतो की आता काय करू. आमच्याकडे खातेवाटप आहे. पार्सल, फोन, पैसे, उधारीची आठवण हे सगळं माझं, त्यात बायको लक्ष घालत नाही. ऑर्डरीचा नंबरच माझा दिलाय. ओळखीच्या वहिनींना नाही म्हणायला बायकोला जड जातं, मला अजिबात जात नाही, आणि माझ्याशी घासाघीस करायला त्यांना पण संकोच वाटतो. काटेरीताई, तुमचा नवरा ऑर्डरी बंद कर म्हणतोय ना, मग त्याच्याच हातात फोन द्या. रोज वीस "भाभीजी थोडं कमी करा ना" ऐकले की त्याला कळेल बंद काय करायचं आणि चालू काय ठेवायचं.

ओट्याबद्दल, एक सिंगल बर्नरची शेगडी घ्या आणि ड्राय बाल्कनीत मांडा. इंडक्शनचं सुचवणार होतो पण बायको म्हणतेय मंदवर ठेवलं की ते चालू-बंद होत राहतं, एकसारखी धग मिळत नाही.

सातारी_मावशी

आमच्या आईच्या वेळी निखाऱ्यांवर परात असायची, ती धग काही औरच. पण फ्लॅटमध्ये कोळसा नको. आणि शेगडी बाल्कनीत मांडशील तर उंचावर मांड गं, टेबलावर वगैरे. नऊ महिन्यांची म्हणजे रांगत येणार, आणि परातीचा कड तिच्या हाताच्या उंचीवर. मांडी घालून खाली बसून हलवायची सवय असली तरी यंदा उभ्याने कर.

काटेरी_हलवा

सगळ्यांना एकत्रच उत्तर देते, वेगवेगळं लिहायला बसले तर पोरगी उठेल.

काल रात्री बोलणं झालं. २२ ला गुरुवारी संध्याकाळी बोरन्हाण, नक्की. सासूबाई गणेश जयंती म्हटल्यावर लगेच हो म्हणाल्या. हळदीकुंकू पण त्याच दिवशी त्याच बायकांना बोलवून उरकायचं असं त्यांनीच सुचवलं, मला वाटलं होतं त्यांना वेगळा दिवस पाहिजे असेल, तर म्हणाल्या दोनदा चहा-पोहे कोण करणार.

वही दत्तजयंतीला बंद, म्हणजे ४ डिसेंबर. त्यानंतर फक्त बाळाचे सेट, तेही ५ जानेवारीपर्यंत, आणि हो सडेतोड, वाढीव दराने. दीडपट नाही लावला, बाळाचा सेट साडेआठशेचा अकराशे केलाय आणि आज सकाळी एकीने मुकाट्याने अॅडव्हान्स पाठवला, म्हणजे तुमचं खरं असावं. नव्या सुनांच्या सेटसाठी तयार हलवा नवरा पुढच्या शनिवारी पुण्याहून आणणार आहे, त्याला तिथे मित्राकडे जायचंच होतं. फोनचं खातं मात्र त्याने अजून घेतलेलं नाही, विषय काढला की लॅपटॉप उघडतो.

पेणच्या दादांचा पहिल्या घाण्याचा नियम सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांनी कपाटाचा वरचा कप्पा रिकामा केलाय, साड्या खाली आल्या. पण त्यांनी एक अट घातली, हार त्या बांधणार. मी म्हटलं गाठ अशी अशी मारायची, तर म्हणाल्या तू शिकवू नकोस, मला मोत्यांची तोरणं येतात. साबुदाण्याच्या जुन्या हलव्यावर बसवून बघितलं, गाठ घट्ट मारतात, दाणा चिरडतो. शिकतील.

आता एकच राहिलंय. मागच्या जानेवारीत इकडे दमट हवा झाली होती आणि दोन सेटना डब्यातच पाणी सुटलं. पहिला घाणा डिसेंबरात झाला तर २२ जानेवारीपर्यंत टिकवायचा कसा? नुसता हवाबंद डबा पुरत नाही.

रुखवतवाली_पुणे

सिलिका जेलच्या पुड्या टाका, पण दागिन्याला चिकटून नाही, डब्याच्या तळाला, वर टिश्यू, मग दागिने. आणि एका डब्यात एकच सेट. मोठा डबा सारखा उघडला की हवा आत जाते आणि सगळेच चिकट होतात. फ्रीजमध्ये चुकूनही ठेवू नका, बाहेर काढल्यावर घाम येतो. आणि सेट बांधला तरी मूठभर सुटा हलवा वेगळा राखून ठेवा, आयत्या वेळी दाणा पडला तर बदलायला.

पेणचा_पोरगा

डबा कपाटात ठेवताना खाली ताटलीत पाणी आणि त्यात वाटी उपडी, वाटीवर डबा, मुंग्यांसाठी. सासूबाईंना माहीत असेलच. फक्त कपाट बंद असल्यावर पाण्याने दमटपणा वाढेल का ते बघा, नाहीतर पाण्याऐवजी कप्प्याच्या कडेने खडूची रेघ मारा.

सातारी_मावशी

खडू नको रे, लहान पोर आहे घरात. हळदीची रेघ मारा.

आणि काटेरी, झबलं काळ्या सुती कापडाचं शिव, आत अस्तर लाव. बाजारात ते जरीचं मिळतं ते टोचतं आणि पोर फोटोआधीच रडून मोकळं होतं. मुकुटाला मागे रुंद इलॅस्टिक लाव, दोरी नको. बोरं मोठी अहमदाबादी आणू नकोस, डोक्यात लागतात, गावठी बारीक आण, आणि तिच्या डोक्यावर आधी चुरमुरे टाका, घाबरली नाही तर मग बाकीचं.